प्रतिष्ठा आणि मौन : नॉर्वेतील २२ जुलैचा हल्ला आणि त्यावरील कलाकृती

देशांतर्गत दहशतवादाचा प्रश्न परकीय दहशतवादाच्या प्रश्नाहून अधिक अवघड असतो. शत्रू सीमेपलीकडचा असला की समाजाला एकत्र येण्यासाठी फारसे प्रयास पडत नाहीत. मारेकरी आपल्याच शाळेत शिकलेला, आपलीच भाषा बोलणारा निघाला, तर 'आपण' या सर्वनामाचाच आधार सुटतो. अशा वेळी समाजाने कसे वागावे याचा आदर्श म्हणून गेली अनेक वर्षे नॉर्वेचे उदाहरण दिले जाते. २२ जुलै २०११ रोजी एका नॉर्वेजियन माणसाने ७७ जणांना ठार केले, आणि त्यानंतर त्या देशाने सूड न घेता, कायदा न वाकवता, प्रतिष्ठेने प्रतिसाद दिला, असे सर्वत्र म्हटले गेले. हे विधान खोटे नाही. परंतु ही प्रतिष्ठा नेमकी कशात होती, ती कोणाची होती आणि तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न त्या विधानात झाकले जातात. या घटनेवरील पुस्तक, चित्रपट व स्मारके यांचा विचार करताना हेच प्रश्न कसोटी म्हणून वापरावेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

येथे मराठी भाषा आपल्याला अनपेक्षित मदत करते. 'प्रतिष्ठा' हा शब्द मराठीत दोन भिन्न अर्थांनी नांदतो. भारतीय संविधानाच्या मराठी उद्देशिकेत व्यक्तीची 'प्रतिष्ठा' म्हटले आहे, तेथे प्रत्येक माणसाचे, तो कोणीही असो, अंगभूत मूल्य अभिप्रेत आहे. व्यवहारात मात्र घराण्याची प्रतिष्ठा, गावातली प्रतिष्ठा, प्रतिष्ठेचा प्रश्न असे शब्दप्रयोग आपण करतो तेव्हा अर्थ पालटतो. ही प्रतिष्ठा चारचौघांत टिकवायची असते, आणि ती टिकवण्याचा हमखास उपाय म्हणजे घरातले चव्हाट्यावर न आणणे. पहिली प्रतिष्ठा माणसाकडे नीट लक्ष द्यावयास सांगते. दुसरी गप्प बसावयास सांगते. नॉर्वेच्या प्रतिसादात या दोन्ही होत्या, आणि बाहेरून पाहणाऱ्यांनी त्यांची गल्लत केली.

घटनाक्रम थोडक्यात असा. दुपारी साडेतीनच्या सुमारास ऑस्लोतील शासकीय इमारतींसमोर उभ्या केलेल्या मोटारीत स्फोट झाला व आठ जण मृत्यू पावले. त्यानंतर पोलिसाच्या वेषातील तोच हल्लेखोर राजधानीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, तिरीफ्योर्ड सरोवरातील उटोया बेटावर गेला. तेथे लेबर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर भरले होते. एक तासाहून अधिक काळ चाललेल्या गोळीबारात ६९ जण मारले गेले. त्यांतील सर्वांत लहानांचे वय १४ होते. हल्लेखोराचे नाव आंदेर्स बेहरिंग ब्रेव्हिक. इंग्रजीत संकलित केलेला दीड हजारांहून अधिक पानांचा एक जाहीरनामा त्याने त्याच दिवशी शेकडो लोकांना पाठविला होता. इस्लाम, बहुसांस्कृतिकता व डावा विचार हे त्याचे शत्रू. भारतातील हिंदू राष्ट्रवादी चळवळींविषयीही त्यात सहानुभूतीने लिहिलेले आहे. आणि स्वतःच्या काल्पनिक सरदारपदाचे सन्मानचिन्ह त्याने वाराणसीच्या एका मुस्लिम कारागिराकडून करवून घेतले होते, हा दैवदुर्विलास वेगळाच.

तीन दिवसांनी, २५ जुलैला, ऑस्लोच्या नगरभवनासमोर दीड ते दोन लाख माणसे हातात गुलाब घेऊन जमली. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी अधिक लोकशाही, अधिक खुलेपणा हेच आमचे उत्तर असेल, मात्र भाबडेपणा नव्हे, अशा आशयाचे आश्वासन दिले. जगभरच्या वृत्तपत्रांत जी प्रतिमा गेली ती या गुलाबांची. ती प्रतिमा खरी असली, तरी स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत, मारेकऱ्याची ओळख पटण्यापूर्वी, ऑस्लोच्या रस्त्यांवर मुस्लिम दिसणाऱ्या लोकांना शिवीगाळ व धक्काबुक्की सहन करावी लागली होती, हेही नोंदलेले आहे. हल्लेखोर परका असता तर गुलाब तितकेच निघाले असते काय, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरत नाही.

न्यायालयातील प्रतिष्ठा

नॉर्वेच्या प्रतिसादातील सर्वांत मौल्यवान भाग मिरवणुकीत नव्हता. तो ऑस्लो जिल्हा न्यायालयाच्या खोली क्रमांक २५० मध्ये होता. १६ एप्रिल २०१२ रोजी खटला सुरू झाला तेव्हा सरकारी वकिलांनी आरोपीशी हस्तांदोलन केले. परदेशी वार्ताहर चकित झाले. तेथे तो रिवाजाचा भाग होता. पाच न्यायाधीशांच्या पीठात तीन जण सामान्य नागरिकांतून निवडलेले होते. त्यांपैकी एकाने हल्ल्यानंतर लगेच फेसबुकवर देहदंडाची भाषा केली होती, हे उघडकीस येताच दुसऱ्याच दिवशी त्याला दूर करण्यात आले. ७७ जणांच्या मारेकऱ्याविषयी चीड व्यक्त करणे हा सर्वसाधारण माणसाच्या दृष्टीने दोष नव्हे. न्यायाधीशाच्या दृष्टीने तो दोष ठरतो, एवढाच मुद्दा होता.

याहून महत्त्वाचे म्हणजे मृतांविषयी घालून घेतलेला क्रम. प्रत्येक मृताचा शवविच्छेदन अहवाल स्वतंत्रपणे वाचला गेला. छायाचित्रांऐवजी एका मानवाकृती पुतळ्यावर जखमांची जागा दाखविण्यात आली. अहवाल संपला की त्या व्यक्तीचे हसरे छायाचित्र पडद्यावर येई आणि तिच्या आयुष्याविषयी कुटुंबाने दिलेली काही वाक्ये वाचली जात. मग पुढचे नाव. हे दिवसेंदिवस चालले. कोणालाही विशेष स्थान नाही, कोणाचाही मृत्यू 'इतर' या सदरात नाही. ही कंटाळवाणी म्हणावी अशी पुनरावृत्तीच पहिल्या अर्थाच्या प्रतिष्ठेचे मूर्त रूप होय. भावनेला त्यात वाव कमी होता, आणि म्हणूनच ती कोणाला वापरता आली नाही.

दुसरी गोष्ट निकालाची. मनोविकारतज्ज्ञांच्या पहिल्या जोडीने आरोपीला मनोरुग्ण ठरविले होते, दुसरीने तो शुद्धीवर असल्याचे म्हटले. सरकारी पक्षाने त्याला मनोरुग्णालयात पाठवावे अशी मागणी केली. न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१२ रोजी एकमताने तो आपल्या कृत्यास जबाबदार असल्याचा निर्णय दिला आणि २१ वर्षांची, पुढे वाढविता येणारी, प्रतिबंधात्मक कैद सुनावली. त्याचे लेखन वेड्याची बडबड म्हणून बाजूला सारणे सर्वांनाच सोयीचे गेले असते. न्यायालयाने ते लेखन एका विचारप्रवाहात ठेवून वाचले. त्यातील शब्द कोठून येतात, ते आणखी कोण वापरतात, यावर उजव्या अतिरेकी विचाराच्या अभ्यासकांच्या साक्षी घेतल्या. खुन्याला विचार करणारा माणूस मानणे हा त्याचा गौरव नव्हता. त्याच्या विचाराला उत्तरदायी धरण्याचा तोच एक मार्ग होता.

या शांत न्यायालयात एकदाच खंड पडला. ११ मे २०१२ रोजी, इराकहून आलेल्या एका मृत तरुणाच्या भावाने उठून आरोपीच्या दिशेने बूट फेकला. तो बचाव पक्षाच्या वकिलांना लागला. त्याला बाहेर नेले गेले, प्रेक्षकांत काहींनी टाळ्या वाजविल्या, काही रडू लागले. थोड्या वेळाने कामकाज पुन्हा सुरू झाले. या प्रसंगाचे वर्णन बहुधा अपवाद म्हणून केले जाते. त्या टाळ्या मात्र विसरता येत नाहीत. सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचा राग एका बाहेरून आलेल्या माणसाने व्यक्त केला होता, कारण त्याला तेथील शालीनतेचा संकेत बंधनकारक नव्हता. दुसऱ्या अर्थाच्या प्रतिष्ठेखाली काय दडले होते, याचा तो क्षणभराचा पुरावा होय.

पुस्तक आणि दोन चित्रपट

ओस्ने सायरस्टाड यांचे 'एन आव ओस' (२०१३), म्हणजे 'आपल्यापैकी एक', हे या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक होय. 'द बुकसेलर ऑफ काबूल'मुळे त्यांचे नाव आपल्याकडेही परिचित आहे. युद्धभूमीवर वार्तांकन केलेल्या या लेखिकेला स्वतःच्या देशाविषयी लिहिण्याचा प्रसंग या खटल्याने आणला. पुस्तकाचे शीर्षक प्रथम मारेकऱ्याला लागू पडते आणि वाचकाला अस्वस्थ करते. परंतु वाचत गेल्यावर ते दुसऱ्या एका व्यक्तीकडे वळते. इराकमधून आश्रयासाठी आलेल्या कुर्दी कुटुंबातील १८ वर्षांची मुलगी, जिला नॉर्वेजियन होण्याची, त्या 'आपण'मध्ये सामावण्याची ओढ होती, उटोयावर मारली जाते. तिच्या दफनविधीत इमाम व धर्मोपदेशिका दोघेही चालले. 'आपल्यापैकी एक' कोण, हे जन्माने ठरते की निवडीने, या प्रश्नावर पुस्तक उभे आहे, आणि लेखिका तो प्रश्न उपदेशाच्या स्वरात विचारीत नाही.

या पुस्तकाची पद्धत न्यायालयाच्या पद्धतीशी जुळते. मारेकऱ्याचे बालपण, बालकल्याण यंत्रणेने त्या घराविषयी दिलेला आणि दुर्लक्षिला गेलेला इशारा, मुलांच्या घरांतील किरकोळ तपशील, बेटावरील प्रत्येक जागा : सर्व काही एकाच संथ गतीने येते. हत्याकांडाचे प्रकरण वाचवत नाही. तेथे लेखिकेने गोळी कोठून शिरली आणि काय झाले ते शवविच्छेदन अहवालाच्या भाषेत लिहिले आहे. काही समीक्षकांना ते अतिरेकी वाटले. आमच्या मते त्या भाषेचा कोरडेपणा हाच मृतांचा मान राखतो. करुणेचे शब्द तेथे वाचकाला सुटकेची वाट करून देणारे ठरले असते. मारेकऱ्याला दिलेल्या पानांची संख्या मात्र खटकते. त्याच्या पौगंडावस्थेतील भिंतीवरील चित्रकारीपासून संगणकीय खेळांपर्यंतचा तपशील वाचून 'तो असा का झाला' याचे उत्तर व्यक्तीच्या चरित्रात सापडेल असा भास होतो, आणि विचारप्रवाहाचा प्रश्न मागे पडतो.

२०१८ मध्ये दोन चित्रपट आले. एरिक पॉपे यांचा 'उटोया २२. युली' एका काल्पनिक मुलीच्या मागे कॅमेरा ठेवून ७२ मिनिटांचा गोळीबार एकाच अखंड दृश्यात दाखवितो. मारेकरी दूरवरची एक आकृती म्हणून क्षणभर दिसतो. सुरुवातीला ती मुलगी थेट कॅमेऱ्यात पाहून बोलते. आपल्याशी बोलते आहे असे वाटते, मग कळते की ती दूरध्वनीवर आईशी बोलते आहे. प्रेक्षकाला त्याची जागा दाखविणारा हा आरंभ उत्तम आहे. हल्ल्यातून वाचलेल्यांशी चर्चा करून संहिता घडविली गेली, आणि त्याचा परिणाम जाणवतो : आवाज, झुडपे, लपण्याच्या जागांतील कुजबुज. परंतु काळाची तंतोतंत नक्कल म्हणजे सत्य नव्हे. ही मुले बेटावर का जमली होती, त्यांना का मारले गेले, याचे उत्तर या ७२ मिनिटांत बसत नाही. भूकंपातही माणसे अशीच धावतात. राजकीय हत्या नैसर्गिक आपत्तीच्या रूपात दाखविली गेली की प्रेक्षक हळहळतो आणि निर्धास्त होतो.

पॉल ग्रीनग्रास यांचा '२२ जुलै' याच्या उलट आहे. सायरस्टाड यांच्या पुस्तकावर आधारलेला हा चित्रपट नॉर्वेजियन नटांकडून इंग्रजी बोलवून घेतो, आणि हत्याकांड लवकर संपवून खटल्याकडे वळतो. हे वळण योग्य होते. मात्र न्यायालयात पोचल्यावर दिग्दर्शकाला तेथील एकसुरीपणा पेलवत नाही. गंभीर जखमी झालेला एक तरुण मारेकऱ्यासमोर उभा राहून साक्ष देतो, तो प्रसंग द्वंद्वयुद्धासारखा रचला आहे. एक जिंकतो, एक हरतो. प्रतिष्ठा येथे एका शूर मुलाचा गुण होते. ज्याला साक्ष देताना शब्द सापडले नाहीत, जो आजही रात्री झोपू शकत नाही, जो रागावला, तो मग कमी प्रतिष्ठेचा काय? न्यायालयात ७७ जणांना समान मिनिटे मिळाली होती. चित्रपटाने ती एकाला दिली. (नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने २०२० मध्ये काढलेल्या मालिकेत परिचारिका, पोलीस, पत्रकार यांच्यामार्फत हा दिवस सांगितला गेला. सामान्य माणसांच्या कामात प्रतिष्ठा शोधणारी ती दृष्टी अधिक प्रामाणिक आहे.)

शालीनतेचे मूल्य

पॉपे यांचा चित्रपट नॉर्वेत प्रदर्शित झाला त्याच सुमारास, मार्च २०१८ मध्ये, तत्कालीन न्यायमंत्री सिल्वी लिस्टहाउग यांनी लेबर पक्षाला राष्ट्राच्या सुरक्षेपेक्षा दहशतवाद्यांचे हक्क महत्त्वाचे वाटतात, अशा अर्थाचा मजकूर फेसबुकवर टाकला. ज्या पक्षाची मुले मारली गेली, त्याच पक्षाविषयी हे लिहिले गेले. गदारोळ झाला व काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचा प्रगती पक्ष २०१३ पासून सत्तेत सहभागी होता, आणि मारेकरी तरुणपणी काही वर्षे त्याच पक्षाचा सदस्य होता. त्या पक्षाला हत्येशी जोडणे अन्यायाचे झाले असते, आणि लेबर पक्षाने तसे केलेही नाही. परंतु जे केले नाही त्याची दुसरी बाजू अशी की, हल्ल्यामागील विचार जाहीर भाषणांत कोठून कोठे झिरपतो याविषयी बोलणेही अवघड होऊन बसले. वाचलेल्या तरुणांपैकी कोणी तो विषय काढला की '२२ जुलैचे कार्ड' खेळल्याचा आरोप होई. हल्ला साऱ्या राष्ट्रावर झाला, असे म्हणण्यात औदार्य होते. त्याच वाक्याने तो एका राजकीय संघटनेवर झाला होता, ही वस्तुस्थिती पुसली गेली.

शासकीय चौकशी मात्र या शालीनतेत अडकली नाही, हे नमूद केले पाहिजे. अलेक्सांद्रा बेक ग्योर्व यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १३ ऑगस्ट २०१२ रोजी दिलेला अहवाल कठोर आहे. आधीच मंजूर असलेले सुरक्षा उपाय अमलात आणले असते तर ऑस्लोतील स्फोट टाळता आला असता, पोलीस बेटावर लवकर पोचू शकले असते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पोलिसांची रबरी नाव माणसे व सामान यांच्या भाराने बंद पडली आणि त्यांना खाजगी नावांचा आश्रय घ्यावा लागला. त्या वेळी किनाऱ्यावरील सुटी घालवायला आलेली माणसे स्वतःच्या नावा घेऊन पोहणाऱ्या मुलांना बाहेर काढीत होती. आयोगाने यंत्रणेची परीक्षा केली, विचाराची नाही. ते त्याचे कामही नव्हते. ते काम सार्वजनिक चर्चेने करावयाचे होते.

त्याचा परिणाम दहा वर्षांनी दिसला. ऑगस्ट २०१९ मध्ये ऑस्लोजवळच्या बेरूम येथील मशिदीवर हल्ला झाला. त्याआधी मार्चमध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च येथे ५१ जणांना मारणाऱ्याने आपल्या लेखनात ब्रेव्हिकचा आदराने उल्लेख केला होता. जुलै २०२१ मध्ये, दशकपूर्तीच्या तोंडावर, ऑस्लोत २००१ साली नवनाझींनी मारलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या स्मारकावर ब्रेव्हिकचे म्हणणे बरोबर होते अशा अर्थाची अक्षरे रंगविलेली आढळली. त्या वर्षीच्या स्मरणसभांत युवक संघटनेच्या नेत्यांनी पहिल्यांदाच इतक्या उघडपणे सांगितले की, आम्ही शोक केला, पण हिशेब झालाच नाही. विशी-तिशीतल्या या माणसांना वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी राष्ट्राच्या वतीने संयमी राहावे लागले होते.

न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नाव न उच्चारण्याचा निश्चय केला, त्याचे सर्वत्र स्वागत झाले. त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु व्यक्तीचे नाव टाळणे आणि विचाराचे नाव टाळणे यांतले अंतर फार थोडे असते, असे नॉर्वेचा अनुभव सांगतो.

स्मारकांचा वाद

स्मारकांच्या संदर्भात हा दोन प्रतिष्ठांचा संघर्ष दगडमातीत उतरला. २०१४ मध्ये स्वीडिश कलावंत योनास डालबर्ग यांची रचना शासनाने निवडली. उटोयासमोरच्या सॉरब्रोटेन येथील भूशिरात साडेतीन मीटर रुंदीचा छेद घ्यावयाचा. पलीकडच्या कड्यावर मृतांची नावे कोरावयाची. पाहणाऱ्याला ती वाचता येतील, पण मध्ये पाणी असल्याने स्पर्श करता येणार नाही. कल्पना म्हणून हिचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु तेथे राहणाऱ्यांनी विरोध केला, न्यायालयाची भाषा सुरू झाली, आणि २०१७ मध्ये शासनाने योजना मागे घेतली. कलाजगतात या रहिवाशांवर आपल्या खिडकीतले दृश्य जपणारे स्वार्थी लोक म्हणून टीका झाली. ही टीका उथळ आहे. त्यांच्यापैकी काहींनी त्या संध्याकाळी आपल्या नावांतून मुले वाचविली होती, काहींनी न वाचलेली मुलेही पाहिली होती. पर्यटकाला एकदा पाहावयाची जखम त्यांना रोज पाहावी लागली असती. पुढे उटोयाच्या धक्क्यावर ७७ कांस्यस्तंभांचे स्मारक २०२२ मध्ये झाले. त्यालाही शेजाऱ्यांचा विरोध न्यायालयापर्यंत गेला व तेथे तो टिकला नाही. ते स्मारक नेटके आहे. डालबर्ग यांच्या कल्पनेची उंची त्याला नाही.

या साऱ्यांत सर्वांत विचारपूर्वक घडलेली वास्तू बेटावरच आहे. जेथे १३ जण मारले गेले ती उपाहारगृहाची इमारत पाडावी, असे युवक संघटनेतील अनेकांना वाटत होते. ती तशीच ठेवावी, असे कित्येक पालकांचे म्हणणे होते. हल्ल्यानंतर लगेच 'उटोया परत घेऊ' असे म्हणणाऱ्या संघटनेलाही या पालकांपुढे थांबावे लागले. उन्हाळी शिबिर पुन्हा भरले ते २०१५ साली. वास्तुरचनाकार एर्लेंड ब्लाकस्टाड हाफ्नर यांनी जुन्या इमारतीचा तो भाग, गोळ्यांच्या खुणांसह, तसाच ठेवला आणि त्याभोवती नवी लाकडी वास्तू उभारली. तिचे नाव 'हेग्नहूसे', म्हणजे कुंपण घालून जपणारे घर. आतले ६९ खांब छप्पर तोलतात, ते मृतांचे. बाहेर ४९५ खांबांचे कुंपण आहे. ते त्या दिवशी बेटावरून जिवंत परतलेल्यांचे. इतर बहुतेक स्मारके मृतांची संख्या मोजतात, येथे वाचलेल्यांचीही मोजली आहे. देशभरातून शाळकरी मुले येथे येऊन राहतात आणि लोकशाहीविषयीचे वर्ग याच घरात भरतात. त्यांतील बहुतेकांना २०११ आठवत नाही. त्या भिंतीवरील भोकांविषयी ती मुले जे प्रश्न विचारतात, ते कोणी विचारले आणि का विचारले, याचे विधिनिषेध त्यांना ठाऊक नसतात.